८ ट्रॅकचा सॅम्पलर, २५ मिनिटांचा सेट: लूप समेवर टिकत नाहीत

चौकट_१६

एलेक्ट्रॉन डिजिटॅक्टवर (सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र; पहिली आवृत्ती, २०१७ ची) सलग २५ मिनिटांचा लाइव्ह सेट बांधतोय. ६ तुकडे (रचना), लय ८८ ते १०२ बीपीएमच्या (मिनिटाला इतके ठोके) दरम्यान. स्टेजवर लॅपटॉप नको. सोबत फार तर एक रोलंड एसपी-४०४ एमके२ (हाही सॅम्पलर) ठेवता येईल. अडलंय ते असं:

इलेक्ट्रिक पियानोचा ४ बारचा (बार म्हणजे ४ ठोक्यांचं आवर्तन) लूप आहे, मूळ लय ९६. प्रोजेक्ट ९० वर ठेवला की लूप आधीच संपतो आणि शेवटी भोक पडतं. लूप स्वतःवरच फिरत ठेवला तर तिसऱ्या फेरीला सम कुठे आहे तेच कळत नाही.

त्याच लूपचे बारीक तुकडे करून वाजवले तर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ‘टक्’ येतं. वर हायहॅट टाकला की तो लंगडतो.

लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून सॅम्पल घेतलं की आवाज पोकळ येतो. गायकाचा आवाज आणि बेस जवळपास गायबच.

किक, स्नेअर, क्लॅप, दोन हॅट, बेस, पियानो, पॅड (लांब, मऊ सूर) यातच ८ ट्रॅक संपतात. गायकीचा तुकडा कुठे ठेवू?

आणि एका पॅटर्नमधून (यंत्रात एका वेळी फिरणारी मांडणी) दुसऱ्यात जाताना जोड उघडा पडतो.

मॅन्युअल वाचून झालंय. कुठलं बटण कुठे ते माहीत आहे, कामाचा क्रम कसा लावायचा ते हवंय.

बारा_बिट

आधी हिशेब करू. ४ बार म्हणजे १६ बीट. ९६ च्या लयीत १६ × ६० ÷ ९६ = बरोबर १० सेकंद. ९० च्या लयीत तेच १०.६७ सेकंद. म्हणजे तुमचा लूप ०.६७ सेकंद आखूड आहे, आणि ९० च्या लयीत ०.६७ सेकंद म्हणजे नेमका एक बीट. प्रत्येक फेरीला एक बीट आधी सुरुवात होते, मग तिसऱ्या फेरीपर्यंत सम दोन बीट सरकलेली असते. यात यंत्राचा काही दोष नाही.

सर्वात साधा उपाय म्हणजे टेप हळू फिरवल्यासारखा लूप खाली ओढायचा. किती ओढायचा ते असं निघतं: नवी लय भागिले जुनी लय, त्याचा २ च्या पायाचा लॉग, गुणिले १२. ९० ÷ ९६ साठी उत्तर येतं उणे १.१२ सेमीटोन (अर्धे स्वर). ट्यूनमध्ये −१.१२ टाका, लूप १०.६७ सेकंदांचा होईल.

पण इथे एक पाचर आहे. ते .१२ म्हणजे १२ सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग). पियानो आता कुठल्याच पट्टीत धड बसत नाही, आणि बेस नेहमीच्या सुरात ठेवलात तर दोघांमध्ये थरथर ऐकू येईल. मग बेसला, पॅडला, सूर असलेल्या प्रत्येक आवाजाला −०.१२ द्यावं लागतं. एखादा ट्रॅक विसरला की तो नेमका स्टेजवर खटकतो.

त्यापेक्षा उलटं करा. लय सुराप्रमाणे ठरवा. ९६ चा लूप पूर्ण एक सेमीटोन खाली आणला तर लय होते ९०.६. दोन सेमीटोन खाली ८५.५. एक वर १०१.७. डिजिटॅक्टवर लय दशांशात ठेवता येते, तेव्हा प्रोजेक्ट ९०.६ वर ठेवा, ट्यून −१.०० करा, आणि बाकीचे सूर आहेत तसे राहू द्या. ४ बारमध्ये फरक राहतो दीड मिलिसेकंदाहून कमी. ऐकणाऱ्याला ९० आणि ९०.६ यातला फरक कळत नाही, बेसुरा बेस मात्र लगेच कळतो.

लूप ‘फिरता’ ठेवू नका. वन-शॉट (एकदाच वाजून थांबणारा) ठेवा आणि पहिल्या स्टेपवर (स्टेप म्हणजे बारचा सोळावा भाग) ट्रिग, म्हणजे सुटण्याचा इशारा द्या. ६४ स्टेपच्या पॅटर्नमध्ये तो दर ४ बारांनी नव्याने सुटतो, म्हणून उरलेली चूक साचत जात नाही.

मूळ लय माहीत नसेल तर लूप आधी समेपासून समेपर्यंत कापा आणि लांबी मोजा. १६ बीट १०.४३ सेकंदांत बसत असतील तर १६ × ६० ÷ १०.४३ = ९२. यंत्राच्या टॅप टेंपोवर किंवा आपोआप सापडलेल्या लयीवर विसंबू नका. ती बऱ्याचदा दुप्पट किंवा निम्मी निघते.

टाचणी

पोकळ आवाजाचं कारण केबल आहे. हेडफोन जॅकमधून एकाच वायरीत डावी आणि उजवी बाजू निघते. सॅम्पलरचं प्रत्येक इनपुट मात्र बॅलन्स्ड मोनो आहे. तीन खणांची (टिप, रिंग आणि आवरण) सरळ स्टिरिओ केबल एका इनपुटला लावली की यंत्र टिपवरच्या सिग्नलमधून रिंगवरचा वजा करतं, म्हणजे डावं उणे उजवं. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं कटतं. आणि मिक्समध्ये मधोमध काय ठेवतात? गायक, बेस, किक, स्नेअर. उरते ती रीव्हर्बची (घुमाऱ्याची) धूळ.

हवी ती केबल अशी: एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन वेगळे ६.३५ मिमी मोनो प्लग. डावं एका इनपुटला, उजवं दुसऱ्याला. लॅपटॉपचा आवाज पूर्ण उघडू नका, ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा. सॅम्पलरमध्ये सर्वात मोठा ठोका −१२ ते −६ डीबीच्या मधे राहील असं पाहा. तिथे आलेली फाट नंतर काही केल्या जात नाही, आणि १६ बिटमध्ये −१२ वर घेतलेलं सॅम्पल नॉर्मलाइझ करायला (पातळी वर ओढायला) भरपूर जागा उरते. फाइलच असेल तर ही सगळी उठाठेव सोडा आणि एलेक्ट्रॉनच्या ट्रान्सफर ॲपने सरळ यूएसबीवरून आत टाका.

एक गोष्ट मात्र फाइलच्या बाबतीतही तीच आहे. या यंत्रात सॅम्पल मोनो असतं. रुंद स्टिरिओ केलेला सिंथ पॅड मोनो झाला की कधी कधी अर्धा मरतो. आत टाकण्याआधी लॅपटॉपवरच मोनो करून ऐका. पातळ वाटला तर फक्त डावी बाजू घ्या, दोन्हींची बेरीज नको.

आता ‘टक्’. तुकडा संपतो त्या क्षणी लाट शून्यावर नसते. स्पीकरचा पडदा पुढे गेलेला असताना आवाज तोडला की तो झटक्यात परत येतो, तोच टक्. शून्य ओलांडणीवर कापणं हा पुस्तकी उपाय, आणि एकट्या आवाजाला तो चालतोही. पियानोच्या सुरावटीत पाच आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. लाट शून्यावर असली तरी तिचा उतार अचानक बदलतो आणि बारीक टक् उरतोच. म्हणून एन्व्हेलपकडे (आवाज कसा चढतो-उतरतो त्याकडे) जा: अटॅक, म्हणजे चढायला लागणारा वेळ, शून्याच्या जरासा वर, १ ते ३ मिलिसेकंद, आणि शेवटी ५ ते १० मिलिसेकंदांचा उतार. पियानोला ३ मिलिसेकंदांचा अटॅक कळत नाही. किक आणि स्नेअरला मात्र अटॅक शून्यच ठेवा, नाहीतर ठोक्याचा दात जातो.

सुरुवातीचा बिंदू फार आधी धरला जातो, ही दुसरी नेहमीची चूक. ठोक्याच्या आधी १० मिलिसेकंद शांतता राहिली की तो आवाज कायम १० मिलिसेकंद उशिरा वाजतो. एकटा ऐकलात तर कळत नाही. किकबरोबर वाजला की दोन ठोके फुटल्यासारखे ऐकू येतात. पडदा पूर्ण मोठा करा आणि लाट जिथून उचलते तिथेच सुरुवात लावा.

खर्जातला

ट्रॅकबद्दल. ट्रॅक म्हणजे एक वाद्य असं समजू नका. ट्रॅक म्हणजे एक घसा, एका वेळी एकच आवाज काढेल. मग जे आवाज एकाच वेळी लागत नाहीत ते एका घशात घाला.

बंद हॅट आणि उघडा हॅट एकाच ट्रॅकवर. स्टेप दाबून धरा, सॅम्पल बदला, म्हणजे त्या स्टेपपुरतं सॅम्पल लॉक होतं. बंद हॅट वाजला की उघडा आपोआप तुटतो, खऱ्या झांजेला हे असंच होतं. स्नेअर, क्लॅप, रिम एका ट्रॅकवर. स्नेअर आणि क्लॅप एकत्रच हवे असतील तर दोन्ही मिळून एकच सॅम्पल करा. म्हणजे किक १, स्नेअर घराणं १, हॅट १, बेस १, पियानो १, पॅड १. दोन ट्रॅक मोकळे: एक गायकीला, एक अडीअडचणीला. हा शेवटचा खरंच मोकळा ठेवा, सेट वाजवताना लागतो.

मेमरीची धास्ती नको. प्रोजेक्टला ६४ एमबी, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो: साडेअकरा मिनिटांहून थोडं जास्त. ९० च्या लयीतला ४ बारचा लूप साधारण १ एमबी. ६ तुकड्यांना प्रत्येकी १० एमबी धरले तरी भागतं. जागा खातात ते लांब पॅड आणि कोणी न कापलेल्या शेपट्या. एका दमात ३३ सेकंदांपर्यंतच सॅम्पल घेता येतं, तेव्हा लांब गायकी ओळीओळीने घ्या.

लूपचे तुकडे करायचे तर ४ बार एका सॅम्पलमध्ये ठेवू नका. एकेक बार वेगळा करा. स्टार्ट ० ते १२० असा आकडा आहे, त्यामुळे एका बारचे १६ भाग केले की ७.५ चे टप्पे पडतात: ०, ७.५, १५, २२.५. ८ भाग केले की १५ चे. लेन्थही तेवढीच. चार बार एकत्र ठेवलेत तर टप्पा १.८७५ चा येतो आणि तो नॉबने बसवणं म्हणजे डोळ्याला शिक्षा.

तुकड्यांमध्ये पोकळी राहत असेल तर लेन्थ ७.५ ऐवजी ८ करा, भरून जाईल.

बारा_बिट

बाकी सगळं पटलं, शेवटची ओळ सोडून. ९६ च्या लयीत सोळावा भाग १५६ मिलिसेकंदांचा, ९० मध्ये स्टेप १६७ ची. पोकळी साडेदहा मिलिसेकंदांची, हे खरं. पण लेन्थ वाढवली की त्या साडेदहा मिलिसेकंदांत पुढच्या तुकड्याचं डोकं वाजतं आणि लगेच पुढचा ट्रिग तेच डोकं परत वाजवतो. ज्या तुकड्याची सुरुवात ठोक्याने होते तिथे घसरलेला दुहेरी ठोका ऐकू येईल. पॅडसारख्या मऊ आवाजाला चालेल, पियानोला नाही.

लूप मूळ लयीपेक्षा हळू वाजवला की तुकडे कमी पडतात. जलद वाजवला की पुढचा ट्रिग मागच्याची शेपटी कापतो, पोकळी राहतच नाही. म्हणून लूप निवडताना सेटच्या लयीपेक्षा थोडा मंद असलेला निवडा. चौकट_१६ यांच्या लूपला मात्र −१ सेमीटोन आणि ९०.६ हेच बरं. मग तुकडे केले तरी पोकळी शून्य.

खर्जातला

बरोबर. पॅड डोळ्यासमोर ठेवून लिहिलं होतं.

चौकट_१६

९०.६ आणि −१ केलं, लूप बसला. केबलही तीच भानगड होती. तुकडे आता ७.५ वर आहेत, अटॅक वाढवल्यावर टक् गेला. पण हॅट अजून लंगडतोच. प्रोजेक्टला ५८ टक्के स्विंग दिलाय, कारण मूळ लूप झुलता आहे आणि ड्रम त्याच्याशी जुळायला हवेत. लूप सलग वाजवला तर हॅट छान बसतो. तुकडे करून वाजवला की पियानो जास्तच झुलतो. का?

सोळावी_मात्रा

कारण झोल (स्विंग) दोनदा लागतोय.

स्विंगचा आकडा काय सांगतो ते पाहा. सोळाव्या भागांच्या एका जोडीत पहिल्याला किती टक्के वेळ मिळतो, तो हा आकडा. ५० म्हणजे सरळ, ६६ च्या जवळ ट्रिप्लेट (जोडीचे तीन सारखे भाग). रॉजर लिन यांनी आखलेल्या आणि १९८८ मध्ये आलेल्या अकाई एमपीसी६० या सॅम्पलरवर हा ५० ते ७५ असा होता, आणि तीच मोजणी आज बहुतेक यंत्रांवर आहे. ९० च्या लयीत जोडी ३३३ मिलिसेकंदांची. ५८ टक्के म्हणजे पहिल्याला १९३, दुसऱ्याला १४०. दुसरा सोळावा भाग सरळ जागेपासून सुमारे २७ मिलिसेकंद उशिरा.

आता तुमचा बार सारख्या १६ भागांत कापलाय. झुलणारा सूर त्याच्या तुकड्याच्या डोक्यावर नाही, आत २७ मिलिसेकंदांवर बसलाय. तो तुकडा वाजवणाऱ्या ट्रिगलाही स्विंगने २७ मिलिसेकंद मागे ढकललं. झाले ५४. हॅट २७ वर, पियानो ५४ वर. लंगडतोय तो पियानो, हॅट बिचारा जागेवर आहे.

दोन वाटा आहेत. एक: पियानोच्या ट्रॅकवर बार ८ भागांत कापा, स्टार्ट १५ च्या टप्प्यांनी. स्विंग फक्त सम क्रमांकाच्या सोळाव्या भागांना हलवतो. आठव्या भागांवरचे ट्रिग विषम स्टेपवर येतात, ते जागेवरच राहतात आणि लूपचा मूळ झोल तुकड्याच्या आत जसाच्या तसा राहतो. दोन: तुकडे सारख्या अंतरावर न कापता जिथे सूर उठतो तिथे कापा, मग झोल यंत्रानेच द्या. दुसरी वाट जास्त कामाची, पण त्यात सुरांची अदलाबदल करून नवी चाल बांधता येते. पहिलीत आठव्या भागाच्या आतलं काही बदलता येत नाही.

लूपमध्ये मुळात किती झोल आहे ते मोजायचं असेल तर एका बीटमधला पहिला सूर, दुसरा सूर आणि तिसरा सूर कुठे उठतात ते बघा. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर भागिले पहिल्या-तिसऱ्यातलं अंतर, गुणिले १००. हाताने वाजवलेल्या लूपमध्ये प्रत्येक बीटला आकडा वेगळा येतो, ५५ ते ६१ असा. मधला घ्या आणि पुढे कानावर सोडा. आणि हो, किकला स्विंगमधून वगळून पाहा. सरळ किकवर झुलणारा हॅट बऱ्याचदा जास्त जिवंत वाटतो.

शेवटचा_बार

जोडाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

पॅटर्न बदलला की ८ ही ट्रॅक, त्यांचे फिल्टर, डिले (प्रतिध्वनी) आणि रीव्हर्बची सेटिंग सगळं एका क्षणात बदलतं. जोड उघडा पडतो तो यामुळे. तेव्हा नवा तुकडा कोऱ्या पॅटर्नपासून सुरू करू नका. आधीचा पॅटर्न कॉपी करा, त्यात ३-४ ट्रॅक बदला, बाकीचे तसेच ठेवा. तो झाला पूल. मग पुलाची कॉपी करून उरलेले बदला. एका तुकड्याला साधारण असे ४ पॅटर्न पुरतात: उघडणारा, भरलेला, रिकामा, पुढच्याकडे नेणारा. ६ तुकड्यांचे २४, दोन बँकांत आरामात बसतात. डिलेची वेळ आणि रीव्हर्बची लांबी पुलाच्या दोन्ही बाजूंना सारखी ठेवा, नाहीतर घुमत असलेली शेपटी मधेच वाकते.

मोकळा ठेवलेला आठवा ट्रॅक इथे कामाला येतो. तुकड्याचा शेवटचा बार, भरपूर रीव्हर्ब देऊन, यंत्रातच पुन्हा सॅम्पल करा. शेपटी पूर्ण विरेपर्यंत थांबा, ६-७ सेकंद लागतील. हे सॅम्पल पुढच्या पॅटर्नच्या पहिल्या स्टेपवर आठव्या ट्रॅकला लावा. ड्रम बदलले, पट्टी बदलली, तरी वर जुन्या तुकड्याचा धूर तरंगत असतो. त्या सॅम्पलला १५० हर्ट्झच्या खाली कापा. जुना बेस नव्या बेसवर चढला की चिखल होतो. आणि पुन्हा सॅम्पल केलेल्या आवाजात रीव्हर्ब आधीच भाजलेला आहे, त्या ट्रॅकचा रीव्हर्ब सेंड (रीव्हर्बकडे जाणारा आवाज) शून्य करा.

पॅटर्न बदलायला सांगितला आणि यंत्र ढिम्म, असं होत असेल तर लांबीचं पान उघडा. ट्रॅकांना वेगवेगळी लांबी देऊन (पियानो ६४, पर्कशन ४८) मास्टर लेन्थ (पॅटर्नची एकूण लांबी) अनंत ठेवली, आणि चेंज लेन्थ (किती स्टेपनंतर पुढचा पॅटर्न घ्यायचा) बंद राहिली, तर यंत्राच्या दृष्टीने पॅटर्न कधी संपतच नाही. पुढचा पॅटर्न रांगेत उभाच राहतो. चेंज ६४ करा. हे प्रत्येक पॅटर्नला वेगळं असतं, म्हणून २४ ही तपासा.

लयीचंही तसंच. लय ग्लोबल ठेवायची की पॅटर्नगणिक, ते एकदा ठरवा. पॅटर्नगणिक ठेवलीत तर पूल जुन्याच लयीत ठेवा आणि उडी घ्यायची ती ड्रम थांबलेले असताना. ९०.६ वरून १०१.७ वर वाजत्या किकवर उडी घेतली की समोरच्यांचे पाय अडखळतात.

वाजवताना हाताशी दोन गोष्टी हव्यात. फंक्शन आणि येस एकत्र दाबलं की पॅटर्न तात्पुरता जपला जातो. फंक्शन आणि नो दाबलं की तिथे परत येतो. आणि ट्रॅकचं बटण धरून नॉब फिरवला की तो बदल सगळ्या ट्रॅकना लागतो. या दोन्ही एकत्र वापरा: आधी जपा, मग ट्रॅक धरून फिल्टर बंद करत न्या, डिलेचा सेंड उघडा, सगळं विरघळलं की समेवर फंक्शन-नो. ८ ही ट्रॅक एका क्षणात मूळ जागी. जपायला विसरलात तर यंत्र शेवटी सेव्ह केलेल्या अवस्थेत जातं, ती कालची असू शकते. म्हणून साउंडचेक झाला की प्रत्येक पॅटर्न एकदा जपून घ्या.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल अजूनही म्यूट हाच. किक ४ बार काढून परत आणली की अर्धं काम होतं. पण सारखी काढ-घाल केली तर कोणाला काही वाटेनासं होतं.

पाच_पिना

एसपी सोबत जोडताना:

डिजिटॅक्टला पाच पिनांचं एमआयडीआय (यंत्रांनी एकमेकांना इशारे पाठवायची जोडणी) आहे, एसपी-४०४ एमके२ ला ३.५ मिमीचं. मधे अडॅप्टर लागतो आणि तो टाइप ए हवा. टाइप बी मध्ये टिप आणि रिंगच्या तारा उलट असतात. लावला तर काही जळत नाही, नुसतं काहीच होत नाही, आणि माणूस तासभर मेन्यू उचकत बसतो.

घड्याळ एकाकडेच ठेवा. डिजिटॅक्टवर क्लॉक आणि ट्रान्सपोर्ट (स्टार्ट-स्टॉपचे इशारे) पाठवणं चालू, घेणं बंद. एसपीवर सिंक बाहेरून. दोघंही पाठवत आणि घेत असतील तर लय डळमळते किंवा स्टार्ट दाबल्यावर पॅटर्न दोनदा सुटतो.

क्लॉक म्हणजे एका बीटला २४ टिचक्या, ९० च्या लयीत दर २७.८ मिलिसेकंदांना एक. ‘लय ९०.६’ असा आकडा त्यातून जात नाही. एसपी टिचक्या मोजून अंदाज बांधतो, म्हणून त्याच्या पडद्यावर ९०.५-९०.७ असं हललं तर घाबरू नका. स्विंगही जात नाही, तो दोन्हीकडे वेगळा लावावा लागतो. आणि एसपीच्या पॅडवरचा (पॅड म्हणजे इथे बोटाने दाबायचं बटण) साधा वन-शॉट क्लॉककडे बघतही नाही. गायकीची ८ बारची ओळ एसपीवर ठेवली असेल तर ती डिजिटॅक्टच्या एमआयडीआय ट्रॅकवरून नोट पाठवून सोडा, किंवा हाताने. एकदा सुटली की तिच्या मूळ वेगानेच जाणार.

ऑडिओ असा जोडा: डिजिटॅक्टचे दोन आउट एसपीच्या लाइन इनला, एसपीचे आउट मिक्सरला. मग एसपीचे इफेक्ट अख्ख्या सेटवर लावता येतात. या जोडणीत एसपीचा आवाज परत डिजिटॅक्टमध्ये सॅम्पल करायला जाऊ नका. इनपुट मॉनिटर चालू असेल तर आवाज गोल फिरून किंचाळतो.

टाचणी

एसपीवर पुन्हा सॅम्पल करताना एक गंमत होते, ती आधीच सांगून ठेवते. पॅड बस १ (इफेक्टमधून जाणारी आवाजाची वाट) वर, बस १ वर लो-फाय इफेक्ट. तो लावून रीसॅम्पल केलं, नवं पॅड तयार झालं. नवं पॅडही बस १ मधूनच जातं, म्हणून इफेक्ट दुसऱ्यांदा लागतो आणि आवाज चिरडल्यासारखा होतो. नव्या पॅडला बसमधून बाहेर काढा किंवा इफेक्ट बंद करून ऐका. मेट्रोनोमही बंद आहे ना ते पाहा.

खरखरीत जुना आवाज हवा असेल तर इफेक्टपेक्षा एक जुनी युक्ती आहे. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० मध्ये सगळी मिळून १० सेकंदांचीच जागा होती, १२ बिट, २६ किलोहर्ट्झ. लोक ३३ ची तबकडी ४५ वर फिरवून सॅम्पल घेत आणि यंत्रात सुमारे ५ सेमीटोन खाली आणत. १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा माल मावायचा, आणि वरची खरखर फुकट मिळायची. ४८ किलोहर्ट्झच्या यंत्रावर ५ सेमीटोनांनी तेवढं होत नाही. १२ वर घेऊन १२ खाली आणा, १२ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जातं. मग बिट रिडक्शन थोडंसं.

चौकट_१६

८ तुकड्यांवर पियानो जागेवर आला. पूल करून पाहिले, पहिल्या दोन तुकड्यांचा जोड आता कळत नाही. चेंज खरंच बंद होता, पॅटर्नच्या पॅटर्न.

एक शेवटचं: दोन्ही यंत्रं जोडली की स्पीकरमधून ‘घूं’ येतं. एसपी यूएसबी चार्जरवर आहे.

पाच_पिना

ग्राउंड लूप. दोन यंत्रं दोन वाटांनी जमिनीला जोडली आहेत आणि ऑडिओ केबलचं जाळीदार आवरण तिसरी वाट झालंय. एसपी स्वतःच्या अडॅप्टरवर घ्या. दोन्ही यंत्रं आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन पट्टीवर. तरी राहिलं तर एसपी आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मर असलेला दोन वाहिन्यांचा डीआय बॉक्स (आवाज जाऊ देऊन जमिनीची जोड तोडणारा डबा) लावा. जिथे केबल लांब जाते तिथे तो तसाही हवाच. अर्थिंगची पिन तोडायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून यंत्राचं नाव लिहा. प्लग एकमेकांत बसतात म्हणून व्होल्टेज आणि पोलॅरिटी जुळते असं नाही. मधली पिन धन की ऋण, ते दोन्ही बाजूंच्या चिन्हावर बघूनच लावा.

खर्जातला

आणि ट्रान्सफर ॲपने प्रोजेक्ट आणि सॅम्पल दोन्ही बाहेर काढून ठेवा. नुसता प्रोजेक्ट काढला आणि सॅम्पल यंत्रातच राहिली, तर दुसऱ्या यंत्रावर पॅटर्न मुकाट वाजतात. दिवे लुकलुकतात, आवाज नाही.